डाव्या हाताचे अक्षर

।। बिरोबा प्रसन्न ।।

सांगली,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
राणीचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण दोन. पहिलं तुमचंच. महिन्यातून एक पत्र आलं नाही तर भेट दिलेलं शाईचं पेन परत नेईन, अशी दिवाळीत तुम्ही धमकी दिली होती. दुसरं कारण शेवटी सांगते. अक्षराकडे बघू नका, गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय.

बॉक्सिंगच्या या वसतिगृहात आम्ही अकरा मुली आहोत. फोन आमच्या प्रशिक्षक संयोगिता मॅडमच्या कपाटात असतात. रविवारी दहा मिनिटं मिळतात, त्यातली नऊ आजी खाते आणि एक आई. आजीला अजून वाटतं की मी इथं मारामारी करून येते आणि मॅडम मला त्याबद्दल रागावत नाहीत, म्हणजे मॅडमच वाया गेलेल्या आहेत. बाबा मेंढरं घेऊन खाली तासगावच्या बाजूला उतरलेत. द्राक्षबागेत खतासाठी मेंढरं बसवायला चांगली मागणी आहे, असं आई म्हणाली.

माझं वजन चोपन्न किलोवर थांबलंय. २८ डिसेंबरला राज्य निवड आहे. माझ्या गटात कोल्हापूरची रेश्मा आहे. गेल्या वर्षी तिनं मला हरवलं आणि नंतर स्वतःच्या डब्यातला लाडू दिला. हरल्यापेक्षा तो लाडू जास्त लागला. या वर्षी राज्य पातळीवर एक तरी लढत जिंकली नाही, तर जूनमध्ये वसतिगृहातली माझी जागा जाईल. मॅडमनी हे ओरडून नाही, शांतपणे सांगितलं. म्हणून जास्त भीती वाटली.

आता दुसरं कारण. तुमची १९९३ची बेळगावची, फौजेतली लढत मला सविस्तर हवी आहे. जत्रेत आजी सांगते तशी नको. आजीच्या गोष्टीत अंगठा मोडतो, गडी हटत नाही, पंच हात वर करतो आणि कप घरी येतो, एवढंच असतं. मला मधलं हवंय. मोडल्यावर पट्टी कशी बांधलीत? डॉक्टरनं तपासताना काय केलंत? तुम्ही डावखुरे, म्हणून उजवा अंगठा मोडूनही निभावलं असेल, असं मला वाटायचं. पण पट्टीचंही काही तंत्र असणारच. माझा उजवा अंगठा जरा मुरगळलाय, काळजीचं काही नाही.

तो कप अजून देवापुढंच आहे. आजी त्यात भंडारा ठेवते. उत्तर लवकर द्या. माया आहेच, ती यावेळी थोडी माहितीच्या रूपात पाठवा.

तुमची,
राणी


वाई,
शुक्रवार, १५ नोव्हेंबर २०२४

चि. राणीस,
बिरदेवमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मी ते तीनदा वाचले: पहिल्यांदा मामा म्हणून, दुसऱ्यांदा विज्ञानाचा शिक्षक म्हणून, आणि तिसऱ्यांदा खिडकीपाशी नेऊन, उजेडात तिरके धरून. तिसऱ्या वाचनाचे निष्कर्ष आधी सांगतो.

आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा कोऱ्या कागदावरून सरकतो. डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा तळवा नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून. तुझ्या पत्रात प्रत्येक ओळीची शिरोरेषा उजव्या टोकाकडे पुसटली आहे आणि शाई पुढच्या शब्दावर ओढली गेली आहे. शिवाय तुझे ‘क’ आणि ‘फ’ मागे झुकले आहेत. गुडघ्यावरच्या वहीने असे होत नाही. राणी, हे पत्र तू डाव्या हाताने लिहिले आहेस. ज्या मुलीला पेन धरता येत नाही, तिचा अंगठा ‘जरा मुरगळलेला’ नसतो.

रागावलेलो नाही. उलट हा अंगठा काय चीज आहे ते तुला सांगायची संधी मिळाली, याचा आनंदच झाला. इतर चार बोटे दारासारखी उघडतात आणि मिटतात. अंगठा मात्र पुढे येतो, बाजूला जातो, फिरून करंगळीला भेटतो. हे कशामुळे? त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, दोन हाडे एकमेकांवर खोगिरासारखी बसलेली आहेत. आपल्या घोड्याच्या पाठीवर खोगीर कसे बसते ते आठव: पुढेमागे हलते, डावीउजवीकडे झुकते, पण निसटत नाही. माणसाने सुई ओवली, गोफण फिरवली, अक्षर काढले, ते सारे या दोन खोगिरांच्या जोरावर. किती सुंदर योजना आहे!

आता त्या खोगिराचा एक कोपरा तुटला असे समज. तो कोपरा जागेवरच राहतो, परंतु उरलेल्या हाडाला कोपराकडून आलेला एक स्नायू बांधलेला असतो आणि तो ते हाड अखंड वर ओढत राहतो. तंबूचा एक खुंटा उपटला की ताणलेला दोर सगळी कनात एका बाजूला खेचतो, तसे. तडा गेला तेव्हा हाड जागेवर असले, तरी प्रत्येक ठोशानिशी ते थोडे सरकते. म्हणून वेळेला महत्त्व आहे.

घरच्या घरी करायची परीक्षा अशी. अंगठ्याचे टोक करंगळीच्या मुळाला लावून पाहा. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत कागद धर आणि मैत्रिणीला ओढायला सांग. दोन्ही हातांनी कर व फरक लिहून ठेव. उजव्या हाताने कागद सुटला, तर त्याच दिवशी संयोगिता मॅडमना सांगून क्ष-किरण चित्र काढून घे.

तू जखमी विजेत्यांची गोष्ट मागितलीस, तर एक खरीखुरी देतो. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जो फ्रेझरचा डावा अंगठा उपांत्य लढतीत मोडला. त्याने ते लपवले, अंतिम लढत पंचांच्या तीन विरुद्ध दोन मतांनी जिंकली आणि सुवर्णपदक घेतले. अद्भुत! मात्र आता दुसरी ऐक. १९७३ साली मुहम्मद अलीने मोडलेल्या जबड्यानिशी बारा फेऱ्यांची लढत पूर्ण केली, आणि तो हरला. वेदना दोघांनीही सोसल्या. पहिली गोष्ट आपण मुलांना सांगतो, दुसरी क्वचित. आणि ज्यांची हाडेही गेली, सामनाही गेला आणि नावही उरले नाही, त्यांची गोष्ट सांगायला कोणी शिल्लकच नसते. केवळ जिंकलेल्यांना मोजून ‘मोडक्या हाताने जिंकता येते’ असा नियम काढणे, हे पोहून आलेल्यांनाच विचारून नदी उथळ ठरवण्यासारखे आहे.

परीक्षेचा निकाल कळव. बेळगावचे पुढे केव्हा तरी. ममता आहे तशीच आहे; फक्त यावेळी तिने चष्मा लावला आहे.

तुझा,
बिरदेवमामा


सांगली,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पकडलंत. हे पत्रही डाव्याच हातानं लिहितेय, आता लपवण्यात अर्थ नाही. परीक्षा घेतली. डाव्या चिमटीतला कागद फाटला पण सुटला नाही. उजव्यातला फुंकर मारावी तसा गेला. करंगळीच्या मुळापर्यंत अंगठा पोचतच नाही, वाटेत थांबतो. लागून आता सतरा दिवस झाले.

पण मॅडमना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. चित्र काढलं की प्लास्टर, प्लास्टर म्हणजे सहा आठवडे, आणि सहा आठवडे म्हणजे २८ डिसेंबर गेलाच. मग जूनमध्ये वळकटी बांधायची. तुम्ही हिशेब चांगला करता, तो करून बघा.

आणि मी काही अडाण्यासारखी वागत नाही. उपाय केलाय. आजी मेंढीचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या लावून वर लोकर गुंडाळते, तसंच मी केलंय. कुल्फीच्या दोन काड्या घासून गुळगुळीत केल्या, अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि वरून पट्टी गुंडाळली. मॅडम यायच्या आधीच पट्टी बांधून बसते. काल सरावात त्या हातानं चार फेऱ्या खेळले. दुखलं, पण हललं नाही. आजीला फोनवर सांगितलं तर मला वाटलं खूश होईल. ती एकदम गप्प झाली. आजी गप्प झालेली मी पहिल्यांदाच ऐकली.

मामा, एक बोलू का? राग धरू नका. तुम्ही स्वतः मोडक्या अंगठ्यानं लढलात, जिंकलात आणि आज तीस वर्षं त्या कपावर आमचं घर मान वर करून चालतंय. आणि आता मला नदी किती खोल ते शिकवताय. तुम्ही तरी कुणाला सांगितलं होतं का? मी तेवढंच विचारलं होतं, आणि नेमकं तेवढंच तुम्ही सांगितलं नाहीत. तुमच्या वर्गात असं उत्तर दिलं तर तुम्ही किती गुण देता?

लोभ कमी झाला असेल तर तसंही लिहा. कोरा कागद मात्र पाठवू नका.

तुमची,
राणी


खटाव तालुका, घरून,
२८ नोव्हेंबर

चि. राणीस,
आजी तानुबाईचा लय लय आशीर्वाद. लिवनार तुजी आई मनुबाई, सांगनार मी. तिनं एक बी शबूद गोड करून लिवायचा न्हाई, असं मी तिला दम भरून सांगितलंय.

आगं पोरी, कामट्या बांदाया तू माज्याच मांडीवर बसून शिकलीस. पन निम्मंच शिकलीस. कामट्या बांदल्याली मेंढी आपुन कळपात चालवतो व्हय गं? तिला घोड्यावर घालून न्हेतो, न्हाईतर तुजा बाप खांद्यावर टाकून न्हेतो. एकवीस दीस तिचा पाय भुईला लागू देत न्हाई. कामटी चालायसाठी नसती, थांबायसाठी असती. तू कामटी बांदून मारामारी कराया लागलीस. आशी शानी मेंढी मी जल्मात बघितली न्हाई.

आन् दुसरं. तू मामाला डावखुरा म्हनतीस, असं मनू म्हनाली. त्यो डावखुरा न्हाई. ल्हानपनी गोफण उजव्या हातानं मारायचा आन् असा मारायचा, की शंभर पावलावरचं कोल्हं माघारी फिरायचं. जेवायचा उजव्या हातानं, लिवायचा उजव्या हातानं. मिल्ट्रीतनं आला तवा डावखुरा हून आला. मी इचारलं तर म्हनला, तिकडं तशीच पद्दत हाय. मला अडानीला खरं वाटलं. फुडं कळलं, पन मी बोलले न्हाई. कप देवाम्होरं ठिवला, त्यात भंडारा घातला आन् दर जत्रंला निम्मीच गोष्ट सांगत बसले. तुला बी निम्मीच शिकवली. त्ये माजं चुकलं.

तू त्याला एवडंच इचार, की गोफण कवापासनं सुटली.

तुज्या बापाला अजून सांगितलं न्हाई. त्यो तासगावास्नं चालत येईल. हात जप. बिरोबा हाय, पन तुजं तू बी बग.

तुजी आजी

(राणी, मी फक्त लिहिलंय, पण रागावलेली मी पण आहे. आई)


वाई,
रविवार, १ डिसेंबर २०२४

चि. राणीस,
मामाचे आशीर्वाद.

मनुताईने फोनवर आजीच्या पत्राचा मजकूर वाचून दाखवला. माझ्या उत्तराला मी शून्य गुण दिले असते. आता पूर्ण उत्तर लिहितो. क्रम सोडत नाही, म्हणजे काही गाळले असे वाटणार नाही.

लढत तीन फेऱ्यांची होती. दुसऱ्या फेरीत माझा उजवा ठोसा प्रतिस्पर्ध्याच्या कपाळावर बसला आणि अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी ओली काटकी मोडावी तसे झाले. तिसरी फेरी मी डाव्या हाताने लढलो आणि जिंकलो. इथपर्यंत आजीची गोष्ट खरी आहे आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो. खोटे कशाला बोलू? तीन मिनिटे मी माझ्या आयुष्यातला सर्वांत शहाणा मुष्टियोद्धा होतो.

मग पंच आम्हा दोघांच्या मधे उभा राहिला. मी त्याच्या डाव्या बाजूला होतो, म्हणून माझा उजवा हात त्याच्या हातात आला. त्याने मनगटाला धरून तो जोराने वर उचलला. सगळ्या लढतीत झाली नाही इतकी वेदना मला त्या क्षणी झाली. त्या क्षणाचे छायाचित्र घरी आहे, त्यात माझे तोंड उघडे आहे. घरी सगळे म्हणतात, बिरदेव आनंदाने ओरडतोय.

गोष्ट इथे थांबते. घडले ते पुढे. नऊ दिवसांनी फौजेच्या वरच्या संघाची निवड होती. मी कोणालाही सांगितले नाही. पट्टी स्वतः बांधायचो, इतरांच्या आधी उठून, तुझ्यासारखाच. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली तेव्हा चार बोटांआड अंगठा झाकला. हे ते ‘तंत्र’. दहाव्या दिवशी मी पुन्हा उभा राहिलो आणि चाळीस सेकंदांत हरलो. पहिल्याच उजव्या ठोशाला, तोवर जागेवर असलेले हाड निसटले. त्या लढतीचा कप नाही, म्हणून तिची गोष्टही नाही.

शस्त्रक्रिया झाली, पण उशिरा. अंगठा करंगळीपर्यंत पुन्हा कधीच गेला नाही. मला लेखनिकाच्या कामावर नेमले गेले. डाव्या हाताने लिहायला शिकायला सात महिने लागले. मी डावखुरा जन्मलो नाही, राणी. मी नऊ दिवसांत डावखुरा झालो.

शाळेत मुले म्हणतात, सर, तुम्ही डाव्या हाताने फळ्यावर किती सुंदर लिहिता. मी हसतो. त्यांना एकदाही खरे कारण सांगितले नाही. गाळलेला भाग सांगितला असता, तर कदाचित तू काड्या घासत बसली नसतीस.

त्या काड्यांबद्दल वेगळे आणि कडक बोलतो. ग्लोव्हच्या आत कठीण वस्तू ठेवणे नियमाविरुद्ध आहे आणि त्याचे कारण तुझा अंगठा नसून समोरच्या मुलीचा डोळा आहे. सरावात तुझ्यापुढे जी उभी होती, तिला हे ठाऊक नव्हते. आज तिची क्षमा माग.

हिशेब करून बघा म्हणालीस, तो केला. प्लास्टर घातले तर एक निवड जाते. नाही घातले तर कदाचित तीही जाते आणि हातही जातो. जूनमध्ये वळकटी बांधायची वेळ आली, तरी ती दोन हातांनी बांधावीस, एवढेच मागतो. निर्णय तुझा. मी मॅडमना फोन करणार नाही. बुधवारपर्यंत.

जे तीस वर्षे गाळले ते लिहून झाल्यावर हात हलका वाटतो आहे. प्रेमात उणे करू नकोस.

तुझा,
बिरदेवमामा


सांगली,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. बुधवारची वाट बघितली नाही. संध्याकाळी मॅडमच्या खोलीत गेले आणि पट्टी त्यांच्यासमोर सोडली. काड्या टेबलावर ठेवल्या. मॅडमनी त्या उचलून बघितल्या. मग त्यांनी अकराही मुलींना बोलावलं, सगळ्यांच्या पट्ट्या सोडायला लावल्या आणि एकेक हाड दाबून बघितलं. अजून दोघी निघाल्या, मामा! एकीची बरगडी आणि एकीचं मनगट. आता रोज सकाळी हजेरीच्या वेळी नावाबरोबर हातही पुढं करायचा असतो. मुली त्याला ‘हाताची हजेरी’ म्हणतात आणि मला शिव्या घालतात.

ज्या मैत्रिणीबरोबर काड्या घालून खेळले, तिची माफी मागितली. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी माझी वेणी घालून दिली, कारण एका हातानं माझी वेणी मेंढीच्या शेपटीसारखी दिसत होती.

चित्रात तडा दिसला. हाड जेमतेम दीड मिलिमीटर सरकलंय. डॉक्टर म्हणाले की दैव चांगलं, आणखी एक सामना खेळला असतात तर सळई घालावी लागली असती. मग त्यांनी मला त्या खोगिराच्या सांध्याचं समजावून सांगायला सुरुवात केली आणि मीच त्यांना तंबूच्या दोरासकट पुढचं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्या घरात कोण डॉक्टर आहे? मी म्हणाले, आजी आहे, मेंढरांची.

२८ डिसेंबरची निवड हातची गेली. रात्रभर रडले, हे लपवत नाही. पण मॅडम म्हणाल्या, एप्रिलमध्ये साताऱ्याला राज्य पातळीवरची खुली स्पर्धा आहे, तिथली लढतही धरली जाते. तोपर्यंत उजवा हात गळ्यात बांधून फक्त डाव्यानं सराव. रोज तीनशे डावे ठोसे आणि पायांचं काम. डावं अक्षर सुधारायला काही युक्ती असेल तर कळवा. तुमच्या सात महिन्यांतले दोन तरी वाचवा.

माया वाढवलीत तरी चालेल, प्लास्टरमध्ये जागा आहे.

तुमची,
राणी


वाई,
१९ जानेवारी २०२५

चि. राणीस,
आशीर्वाद.

युक्ती सोपी आहे: कागद घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने थोडा फिरव आणि हात ओळीच्या खाली ठेव, म्हणजे शाई पुसत नाही. आपला हात बदलत नसेल, तर कागद फिरवावा. डाव्या ठोशाचेही तसेच आहे. त्याची ताकद खांद्यात कमी आणि मागच्या टाचेत जास्त असते. टाच जमिनीला ढकलते, कंबर फिरते, आणि हात हा केवळ निरोप पोहोचवणारा असतो. हे मला तिसऱ्या फेरीत तीन मिनिटांपुरते समजले होते. तुझ्यापाशी तीन महिने आहेत.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी दिलेले व्यायाम मला सविस्तर लिहून पाठव. शास्त्रीय कुतूहल म्हणून विचारतो आहे. बाकी काही नाही.

जिव्हाळा नेहमीचाच, त्यात भर घालून घेणे.

तुझा,
बिरदेवमामा


सातारा,
रविवार, २७ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आजी आणि बाबा आले होते. तुम्ही परीक्षेच्या कामामुळे आला नाहीत, म्हणून तुमच्यासारखं क्रमानं लिहिते.

रेश्माशीच गाठ पडली. प्लास्टर निघून तीन महिने झाले होते, डॉक्टरांची लेखी परवानगी होती आणि अंगठा करंगळीच्या मुळाला आरामात लागत होता. पहिली फेरी तिची. दुसऱ्या फेरीत माझा उजवा तिच्या कोपरावर बसला आणि ती ओली काटकी मी ऐकली, मामा. कानानं नाही, दातांत ऐकली.

घंटा झाली. कोपऱ्यात एक मिनिट असतं. त्यातली पहिली दहा सेकंद मी खोटं बोलायचं ठरवत होते, हे तुम्हालाच सांगते. मग हात पुढं केला. हाताची हजेरी! मॅडमनी ग्लोव्हवरून दाबलं, माझ्याकडे बघितलं आणि पंचांना सांगून डॉक्टरांना बोलावलं. उजवा वापरायचा नाही, या एका अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिली. मॅडमनी टॉवेल हातात घेतला आणि बजावलं, की उजवा फक्त हनुवटीपाशी राहील, त्यानं एक जरी ठोसा मारलास, तर हा टॉवेल आत पडेल आणि लढत तिथंच सोडली जाईल, मग तू जिंकत असलीस तरी. तिकडून आजी ओरडत होती, की पोरीला घोड्यावर घाला.

तिसरी फेरी मी एका हातानं खेळले. उजवा जाग्यावर, कामटी लावल्यासारखा. टाच, कंबर, निरोप. टाच, कंबर, निरोप. रेश्माला उजव्याची भीती होती, ती त्याच्यावरच डोळा ठेवून होती, आणि डावा येत राहिला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिची हनुवटी इतकी उघडी पडली की उजवा आपोआप निघणार होता. मला मॅडमचा टॉवेल दिसला. आवरला.

निकालाला पंच मधे उभे राहिले. मी त्यांच्या डाव्या बाजूला होते. त्यांनी माझं उजवं मनगट धरायला हात पुढं केला आणि मला तुमच्या फोटोतलं उघडं तोंड आठवलं. मग मी गर्रकन फिरले, लोकांकडे पाठ केली आणि डावा हात त्यांच्या हातात दिला. सगळे हसायला लागले. रेश्माही. तीन विरुद्ध दोन. माझा डावा हात वर गेला तेव्हा माझ्या समोर फक्त भिंत होती आणि त्यावर लावलेला स्पर्धेचा फलक. मी तोच वाचत जिंकले.

फोटो पाठमोरा आलाय. आजी विचारते, ह्यातली आपली कंची? रेश्मा नंतर लाडू घेऊन आली. यावेळी अर्धा मी तिला भरवला.

चित्र त्याच संध्याकाळी काढलं. जुन्या जागी बारीक तडा आहे, हाड हललेलं नाही. चार आठवडे प्लास्टर. पुढची लढत ऑगस्टच्या आत खेळायची नाही, असं मॅडमनी लिहून घेतलंय. वसतिगृहातली जागा राहिली.

आणि जत्रेत यंदा गोष्ट आजीनं नाही, मी सांगणार आहे. पूर्ण. चाळीस सेकंदांसकट. चालेल ना?

मायेची गाठ अशीच घट्ट ठेवा. पट्टीची आता मॅडम बांधतात.

तुमची,
राणी


वाई,
४ मे २०२५

चि. राणीस,
आशीर्वाद.

चालेल. मी समोर बसेन.

अक्षर लागत नसेल तर आईकडून वाचून घे. ओळी वरखाली झाल्या आहेत. वर्गातल्या मुलाने असे लिहिले असते, तर पानभर पुन्हा लिहायला लावले असते. तू पाठवलेले व्यायाम फेब्रुवारीपासून रोज अर्धा तास करतो आहे. अंगठा अजून करंगळीपर्यंत जात नाही. मधल्या बोटापर्यंत मात्र जातो, आणि पेन धरायला तेवढे पुरते. एवढे लिहायला पाऊण तास लागला.

शिरोरेषा नीट बघ. कुठेही पुसलेली नाही.

तुझा,
बिरदेवमामा